बेलची स्प्रिंग

कुवेतहून परतणाऱ्या माणसानं काय आणावं, याचा वाशीत एक न लिहिलेला कायदा होता. सोनं आणावं. तेवढी ऐपत नसेल तर दोन कॅसेटांचा टेपरेकॉर्डर, वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट आणि नातेवाइकांची तोंडं बंद करायला अत्तराच्या चार बाटल्या. झहूर धनसे नव्वद सालच्या लढाईत कुवेतहून जीव घेऊन निघाले ते मासे धरायचं रीळ घेऊन आले. बरं, त्याची काठीसुद्धा नाही. काठी तिथेच राहिली, फ्रीज राहिला, भिंतीवरचं घड्याळ राहिलं. आलं ते नुसतं रीळ, बायकोच्या ओढणीत गुंडाळलेलं.

ही बातमी बिल्डिंगीत फुटली ती खुद्द सकिनाच्या तोंडून. वाळवंटातून बस चाललेली, नाक्यानाक्यावर शिपाई सामान उपसतायत, बायका गळ्यातली चेन चोळीत लपवतायत, आणि आमच्या ह्यांची नजर माझ्यावर नाय, मुलखावर नाय, त्या ओढणीवर. तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं होतं. पण समोरच्या फ्लॅटमधल्या नंदिनी टिपणीस यांच्या हाती लागलेली कुठलीही तक्रार जिना चढेपर्यंत गोष्ट होत असे. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेतो झहूरभाईंनी बायको वाळवंटात सोडून रीळ आणलं होतं.

थोडं तथ्य होतं त्यात, खोटं कशाला बोला. कारण ते रीळ ज्या पैशात घेतलं, त्या पैशात सकिनाच्या बांगड्या व्हायच्या होत्या.

जपानी रीळ. काळंभोर, मूठ चंदेरी, हातात घेतलं की एखाद्या घड्याळजीनं बनवलंय असं वाटावं. त्याच्या तोंडावर तारेची एक कडी होती. ती उघडली की दोर मोकळा सुटायचा आणि गळ पार लांब पाण्यात जाऊन पडायचा. मग मूठ नुसती हलवली की कडी आपोआप मिटायची आणि दोर परत गुंडाळायला तयार. मिटताना ती आवाज करायची. खट्. कुलूप बसावं तसा, स्वच्छ.

ह्या कडीला इंग्रजीत बेल म्हणतात. हा शब्द तेवढा लक्षात ठेवा, पुढं ह्यानंच घोळ केलाय.

कुवेतमध्ये शुक्रवार सुट्टीचा. नमाज झाली, जेवण झालं, की झहूरभाई काठी घ्यायचे आणि सकिना थर्मास. किनाऱ्यावर दगडांत एक जागा त्यांनी ठरवली होती. तिथं ते दोघं कुणाचे कोणी नव्हते. तो कुणाचा मामू नव्हता, ती कुणाची भाभी नव्हती. श्रीवर्धनच्या माणसाला आणि म्हसळ्याच्या बाईला ओळखणारं त्या वाळूत कुत्रंसुद्धा नव्हतं. सकिना चप्पल काढून पाण्यात पाय सोडायची आणि एकदम काहीतरी विचारायची. एकदा म्हणाली, "हे पाणी आपल्याकडं जातं काय वो?"

"जातं ना."

"मग आईला सांगा म्हणावं, मी बरी हाय."

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण बायकोशी आपलं बोलणं खरं सुरू झालं ते त्या दगडांवर, असं झहूरभाईंचं मत होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. असली मतं पुरुष सांगत नाहीत, रीळ विकत घेतात.

वाशीत आल्यावर त्यांना तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची नोकरी लागली. त्या बाजूला वीज शुक्रवारी बंद, म्हणून सुट्टीही शुक्रवारची. झहूरभाईंना वाटलं, अल्लानं हिशेब जमवला. मुंबईच्या बाजारातून काठी आणली, रीळ बसवलं आणि थर्मास धुऊन सकिनासमोर ठेवला.

सकिनानं थर्मास कपाटात ठेवून दिला. "हिकडं नको," म्हणाली. "हिकडं समदे बघतात."

बघत होतेच. वाशीगावच्या धक्क्यावर कोळ्यांच्या होड्या, जाळी सुकत घातलेली, संध्याकाळी फिरायला आलेले पेन्शनर, आणि अर्ध्या बिल्डिंगीला मासळी पुरवणारी यशोदाबाई. तिचा तर धंदाच सगळ्यांकडे बघण्याचा. झहूरभाई एकटे काठी घेऊन उभे राहिलेले दिसले की ती टोपली उतरवून कमरेवर हात ठेवी. "शेट, मावरा पान्यान हाय, पन तुमची वलख नाय त्याला. मी करून देव काय?" आणि मग टोपलीतला एखादा बोंबील त्यांच्या गळाशेजारी धरून हसायची. झहूरभाईही हसायचे. पण त्यांच्या डाव्या हाताला दगड रिकामा असायचा आणि हसून झाल्यावर ते तिकडे बघायचे.

तरी जात होते बिचारे दर शुक्रवारी. कडी खट् वाजली की डोळे मिटून घ्यायचे. आवाज तोच होता. डोळे उघडले की यशोदाबाई.

आणि एका शुक्रवारी ती खट् वाजलीच नाही.

आत तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग असते, ती तुटली. कडी हलत्या दातासारखी लोंबकळायला लागली. आता गळ फेकायचा, मग काठी काखेत धरायची, मग हात मोकळा करून कडी मिटवायची; एवढं होईतो वाऱ्यानं सैल दोराचं कावळ्याचं घरटं केलेलं असायचं. ते सोडवता सोडवता सूर्य बुडून मगरीबच्या नमाजाची वेळ व्हायची.

मुंबईतल्या दुकानदारानं रीळ हातात घेऊन कौतुक केलं, खरेदी कुठली विचारलं आणि सांगितलं की ह्या कंपनीचं रीळच इकडे येत नाही तर स्प्रिंग कुठून येणार. दुसरं रीळ घ्या. झहूरभाईंना हे उत्तर असं लागलं, जसं कुणी सांगावं की बायकोचा दात दुखतोय तर दुसरी करा.

मग सुरू झाले प्रयोग. बॉलपेनची स्प्रिंग घातली, ती पहिल्याच फेकीत उताणी झाली. छत्रीवाल्यानं तार वळून दिली, ती इतकी कडक की कडी उंदराच्या सापळ्यासारखी अंगठ्यावर मिटली आणि नख काळं पडलं. घड्याळजीनं भिंग लावून बघितलं, चहा पाजला आणि रीळ परत दिलं. कारखान्यातला सुयश नावाचा इंजिनीअर मात्र अभिमानाला पेटला. त्यानं दुपारच्या सुट्टीत लेथवर एकामागून एक स्प्रिंगा वळल्या. कुठली आत जाईना, कुठली बाहेर येईना. शेवटी म्हणाला, "काका, ह्या स्प्रिंगपेक्षा अख्खं रीळ बनवणं सोपं." आणि खरंच अख्ख्या रिळाचं चित्र काढायला बसला. ते चित्र अजून काढतोय म्हणतात.

ह्या काळात झहूरभाई भेटेल त्याला विचारत सुटले होते. कोण मस्कतला जाणार आहे, कोण बहारीनहून येणार आहे, मला बेलचं काहीतरी करायचंय. सोसायटीचे सेक्रेटरी सुधीर टिपणीस, म्हणजे नंदिनीबाईंचे यजमान, त्यांच्या कानावर हे वाक्य तुटक तुटक आलं. 'झहूरभाई बेलसाठी फिरतायत.' टिपणिसांच्या लेखी बेल म्हणजे जामीन, आणि त्यात झहूरभाईंचा भाचा तौहीद दुबईला नोकरीला. झालं. टिपणिसांच्या घरात रात्रीच्या जेवणाबरोबर तौहीद तुरुंगात गेला. आमटी संपेतो त्याच्यावर गुन्हाही दाखल झाला. कुठला, याबद्दल नवराबायकोत एकमत नव्हतं.

टिपणीस माणूस मनानं चांगला. दुसऱ्या दिवशी दार लोटून आत आले, आवाज खाली घेतला आणि एका वकिलाचं कार्ड टेबलावर ठेवलं. "झहूरभाई, लाजू नका. असं कुणाच्याही घरात होतं. बेल मिळून जाईल."

झहूरभाईंना आधी आनंदच झाला. वकिलाकडे रिळाचे पार्ट कसे काय, असं त्यांनी विचारलं. मग दोघांचा गोंधळ सुटला तेव्हा दोघंही इतके हसले की टिपणिसांना उचकी लागली. तांब्याभर पाणी सकिनानंच आणून दिलं. पण ती हसली नाही. पाहुणा गेल्यावर दाराची कडी लावताना म्हणाली, "बघितलंत? एका शब्दावर पोराला आत टाकला. नि तुमी मला म्हणता, धक्क्यावर येऊन बस."

झहूरभाईंनी वकिलाचं कार्ड उचलून खिशात घातलं. तिला द्यायचं उत्तर मराठीत नव्हतं, कोकणीतही नव्हतं. ते त्या दगडांवर राहून गेलं होतं. स्प्रिंग मिळाली की सगळं ठीक होईल, एवढंच त्यांनी मनाशी धरलं. रीळ चालेल, आवाज येईल, आणि आवाज आला की सकिनाला आपोआप आठवेल. माणूस मनातल्या मोठ्या भगदाडाला तांदळाएवढं बूच शोधत असतो, त्याला कोण काय सांगणार.

शेवटी त्यांनी सेक्टरमधल्या फोनच्या बूथवरून थेट दुबईला तौहीदला फोन लावला. लाइनवर समुद्र खवळलेला. समोर लाल आकडे पळतायत, काचेबाहेर दोघं जण घड्याळ बघतायत. झहूरभाई ओरडले, "बेलची स्प्रिंग आण. बेल. स्प्रिंग. बारीक हाय, चांगल्या कंपनीची बघ." तिकडून तौहीदचा आवाज आला, "समजलं मामू. बेल. रिंगवाली. एकदम चांगली आणतो." आणि लाइन कटली.

तौहीद ईदला आला. खोकं घेऊन आला. खोकं बघूनच झहूरभाईंचं काळीज थोडं खाली बसलं, कारण तांदळाएवढ्या वस्तूला केवढं खोकं असावं यालाही मर्यादा असते. पण त्यांनी स्वतःची समजूत घातली की परदेशी माल, पॅकिंग जास्त करतात. उघडलं. आत दाराची घंटा. पांढरीशुभ्र, सोनेरी काठाची. बटण दाबलं की कोकीळ गाते.

"मामू, रिंग बघा फक्त," तौहीद म्हणाला. पोराच्या तोंडावर असं काही तेज होतं की झहूरभाईंनी डोळ्यांतलं पाणी आनंदाचं म्हणून खपवलं. स्वतः स्टुलावर चढून तौहीदनं ती बसवली. बिल्डिंगीतली पहिली गाणारी बेल. नंदिनीबाई तीनदा आल्या आणि तिन्ही वेळा साखर मागून गेल्या.

त्या कोकिळेनं धनशांच्या घरातली शांतता घालवली. शाळा सुटली की पोरं जिन्यातून जाता-येता बटण दाबून पळायची. सकिना पोळीचा हात घेऊन दार उघडे, बाहेर कोणी नाही. दुपारी कोकीळ, संध्याकाळी कोकीळ. वसंतातली कोकीळ निदान महिनाभरानं गप्प बसते. बेल काढून टाकावी तर तौहीदचं मन मोडतं, आणि तो अजून महिनाभर पनवेलला आईकडे होता, कधीही टपकायचा.

अशाच एका शुक्रवारी झहूरभाई सवयीनं धक्क्यावर गेलेले. रीळ मोडकं, तरी गेलेले. गळ फेकायचा, घरटं करायचं, सोडवायचं. सूर्य खाडीवर कलला होता, ओहोटीचं पाणी चिखलावरून सरकत चाललं होतं. ते खाली मान घालून गाठी सोडवत असताना डाव्या हाताला कुणीतरी काहीतरी ठेवलं. बघतात तर थर्मास.

"घरात बसवत नाय," सकिना म्हणाली. "तुमच्या बेलनं डोस्कं उठवलंय."

 बोललं तर ती उठून जाईल असं झहूरभाईंना वाटलं असावं. त्यांनी गाठ सोडवली, गळ पुन्हा फेकला आणि काठी काखेत घ्यायला गेले. तेवढ्यात सकिनाचा हात मधे आला. तिनं अंगठ्यानं ती लोंबती कडी अलगद मिटवली आणि कडी वाजली नाही म्हणून स्वतः जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

"खट्."

घरटं झालं नाही. दोर ताठ राहिला.

यशोदाबाईनं लांबून हे बघितलं आणि तिच्या धंद्याला जागून ती आली. "आता भाभी आयली. आता शेटची काठी बगून मावरा पलंल नाय, लाजंल." सगळ्या धक्क्यानं वळून बघितलं. झहूरभाईंनी थर्मासकडे बघितलं. आता ही पदर सावरून उठणार, थर्मास पुन्हा कपाटात जाणार.

सकिनानं कपात चहा ओतला आणि तो यशोदाबाईच्या पुढे धरला. "बस गं. उभ्यानं पाय दुखतील तुझे."

त्या दिवशी काही लागलं नाही. पुढच्या शुक्रवारी एक शिंगाळा लागला, तोही यशोदाबाईनं 'पोरगं हाय, सोड त्याला' म्हणून परत पाण्यात टाकायला लावला. पण शुक्रवार सुरू झाले. झहूरभाई फेकायचे, सकिना कडी मिटवायची आणि तोंडानं खट् म्हणायची. मधे विसरली तर ते काठी तशीच धरून थांबायचे, ती म्हणेपर्यंत. बोलणं सगळं कुवेतचं व्हायचं असं नाही. पण कधी दूर खाडीच्या तोंडाकडे बघत ती गप्प व्हायची, आणि ती कुठल्या भिंतीवरच्या कुठल्या घड्याळाकडे बघतेय हे त्यांना कळायचं. तिच्या तिथल्या खिडकीत पुदिना लावला होता तिनं. त्याला पाणी घालून निघाली होती. आठ दिवसांत परत येऊ असं वाटलं होतं म्हणून.

"कोणी घातलं असंल काय वो पाणी?"

"घातलं असंल कुणीतरी."

आता एवढ्यावर गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण चुकीची वस्तू लगेच येते आणि बरोबर वस्तू नको तेव्हा.

पुढच्या सालच्या ईदला तौहीद आला तो गुन्हेगारासारखा मान खाली घालून. बेलचा घोळ त्याला मधल्या काळात कुणीतरी सांगितला होता. कुणी, हे तुम्ही ओळखलंच असेल, साखर न्यायला येणाऱ्यांपैकीच. त्यानं दुबईतली दुकानं पालथी घातली होती. खिशातून कागदाची पुडी काढली, पुडीत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत ती. तांदळाएवढी. जपानी.

त्या रात्री झहूरभाईंनी रीळ उघडलं. स्प्रिंग बसवली. मूठ हलवली.

खट्.

स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज थांबला.  मग आतून सकिना म्हणाली, "झालं का बरोबर?"

"झालं."

"बरं झालं. आता माझं काय काम तिथं."

ती हे हसून म्हणाली की कसं, ते भिंतीआडून दिसलं नाही. आणि झहूरभाईंनी उठून बघितलं नाही, हीच चूक.

शुक्रवारी ते एकटे गेले. थर्मास तिनं भरून दिला होता, एकाच कपाचा. गळ फेकला, मूठ हलवली, कडी मिटली. खट्. पुन्हा फेकला. खट्. इतक्या दिवसांनी अगदी तसाच आवाज, स्वच्छ, कुलूप बसावं तसा. डाव्या हाताचा दगड रिकामा. यशोदाबाई आली, बघून टोपली उचलून चालती झाली. तिनं टिंगल केली असती तर परवडलं असतं.

झहूरभाई लवकर घरी आले. जिन्यात उभे राहिले. नंदिनीबाईंच्या दाराच्या पीपहोलमध्ये जरा अंधार झाला, तो त्यांना दिसला नाही. त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, भिंतीला टेकून रिळाशी काहीतरी केलं, काहीतरी शर्टाच्या खिशात टाकलं. मग बेल दाबली. कोकीळ गायली.

"कोण?" आतून आवाज आला.

"मी. स्प्रिंग तुटली."

 मग दाराची कडी निघाली. सकिना दारात उभी, हाताला पीठ.

"इतक्यात?"

"इतक्यात."

"जपानी होती ना?"

"जपानीच. पण आता त्यांच्याही मालाचा काय भरवसा राहिला नाय."

सकिनानं रिळाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "बरं," म्हणाली. "हात धुवा."

आता कपडे भिजवण्याआधी खिसे तपासायची सकिनाला सवय. बाईला ही सवय नसती तर जगातली अर्धी लग्नं अजून सुखाची असती, असं टिपणीस म्हणतात, बायको नसताना. तेव्हा झहूरभाईंच्या शर्टाच्या खिशात तिला काय सापडलं असेल, सांगायला नको. पण तिनं विचारलं नाही. आणि खिसा रिकामा झालाय हे झहूरभाईंच्या लक्षात आलं, तरी त्यांनीही विचारलं नाही. दोघांचा आठवडा अगदी सरळ गेला.

पुढच्या शुक्रवारी ती थर्मास घेऊन त्यांच्या आधी चप्पल घालून उभी.

भरती लागत होती. पाणी धक्क्याच्या पायऱ्या एकेक करून चढत होतं. झहूरभाईंनी काठी जुळवली. ते गळ फेकायच्या बेतात असताना सकिनानं पदराच्या गाठीतून काहीतरी काढलं आणि पाण्यात टाकलं. इतकं लहान की पाण्यानं नीट आवाजही केला नाही.

यशोदाबाईचं लक्ष नसेल तर ती यशोदाबाई कसली. "भाभी, काय टाकलंव गो पान्यान?"

"काय नाय. खडा होता."

झहूरभाईंनी मान वळवली नाही. समोर खाडीच्या तोंडाशी, जिथून पाणी बाहेर जातं आणि मग कुठं कुठं जातं, तिकडे ते बघत राहिले. मग हात मागे नेऊन सगळ्या ताकदीनं गळ फेकला. दोर लांब गेला, वाऱ्यावर सैल व्हायला लागला. ते तसेच काठी धरून थांबले.

डाव्या हाताकडून आवाज आला.

"खट्."